प्रकाशाची करवत आणि मुलांचे हात

लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवरील नाजूक जाळी, शाळेच्या बक्षीस समारंभातील लाकडी मानचिन्ह, दारावरील नावाची पाटी आणि नाताळच्या बाजारात मांडलेला गव्हाणीचा लहानसा देखावा, या साऱ्या वस्तू अलीकडे पुष्कळदा एकाच हत्याराने कापलेल्या असतात. त्या हत्यारास पाते नाही, दाते नाहीत आणि मूठही नाही. ते हत्यार म्हणजे लेझर, अर्थात प्रकाशाचा एक बारीक किरण. पूर्वी हे यंत्र मोठ्या कारखान्यातच पाहावयास मिळे. आता तालुक्याच्या गावी पाट्या व मानचिन्हे करणाऱ्या दुकानातही ते दिसू लागले आहे. शहरातून येणारे नातेवाईक मुलांसाठी खेळण्यांचे जे संच आणतात, त्यांतही पातळ लाकडाचे असेच कापलेले तुकडे असतात. ते तुकडे सोडवून एकमेकांत बसवले की बैलगाडी, विमान किंवा घर तयार होते.

या संचांविषयी आईबापांत दोन मते आढळतात. काही म्हणतात, "सारे यंत्रानेच कापून दिले, तर मुलाने करावयाचे काय?" दुसरे म्हणतात, "दिवसभर मोबाइलकडे टक लावून बसण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे." दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, परंतु दोन्ही अपुरी आहेत. तयार संचातून मुलाला वस्तू मिळते, पण ती वस्तू तशी का जुळली हे कळत नाही. तुकडा खाचेत घट्ट बसावा म्हणून कोणीतरी आधी माप घेतलेले असते, चुकलेले असते आणि पुन्हा माप घेतलेले असते. खरे शिक्षण तेथेच घडते आणि नेमके तेच शिक्षण संच विकत घेताना आपण दुकानातच ठेवून येतो.

म्हणून या लेखात एक मधला मार्ग सुचवावयाचा आहे. कापण्याचे काम खुशाल यंत्रास द्यावे. परंतु आखणे, मोजणे, पारखणे, घासणे आणि जुळवणे ही कामे मुलांच्या हातून काढून घेऊ नयेत. असे केल्यास खर्च थोडा होतो, धोका टळतो आणि घरातील सर्वांस एकत्र बसून करण्याजोगे काम मिळते.

भिंगापासून लेझरपर्यंत

उन्हात भिंग धरून वाळलेले पान जाळण्याचा खेळ खेड्यातील कोणत्या मुलाने केला नसेल? लेझर यंत्रात बरेचसे तेच घडते. मात्र सूर्याचा प्रकाश अनेक रंगांचा व सर्व दिशांनी पसरणारा असतो, तर लेझरचा प्रकाश एकाच रंगाचा व एकाच दिशेने जाणारा असतो. त्यामुळे भिंगातून तो अतिशय लहान ठिपक्यावर एकवटता येतो. त्या ठिपक्यावर एवढी उष्णता साठते की तेथील लाकडाची क्षणात वाफ व धूर होतो. ठिपका पुढे सरकत गेला म्हणजे मागे कापलेली रेघ राहते. यंत्राची नळी जवळून हवेचा झोत सोडत असते; त्याने धूर बाजूला होतो आणि लाकूड पेट घेत नाही. किरण मंद केला तर लाकूड कापले न जाता केवळ वरून करपते. अशा करपलेल्या रेघांनी अक्षरे व चित्रे कोरता येतात.

या शोधाचा इतिहास मुलांना सांगण्यासारखा आहे. अशा प्रकाशामागील मूळ तत्त्व आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडले. प्रत्यक्ष लेझर मात्र १६ मे १९६० रोजी अमेरिकेतील थिओडोर मेमन यांनी माणकाच्या एका लहान दांडीतून निर्माण केला. पहिल्या काही वर्षांत या किरणाचे करावयाचे काय, हेच पुष्कळांस कळत नव्हते. मग १९६५ साली तार ओढण्याच्या हिऱ्याच्या साच्यांना भोके पाडण्यासाठी त्याचा उपयोग झाला. १९६७ साली इंग्लंडमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी प्राणवायूच्या झोताची जोड देऊन लेझरने पोलादी पत्रा कापून दाखवला.

परंतु लाकूड, कागद व चामडे कापणाऱ्या ज्या यंत्राशी आपला येथे संबंध आहे, त्याचा जनक आपल्याच मातीत जन्मला, हे फार थोड्यांस ठाऊक असते. कुमार पटेल यांचा जन्म २ जुलै १९३८ रोजी बारामती येथे झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले. १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर जगापुढे ठेवला. आपण उच्छ्वासातून जो वायू सोडतो व सोड्याच्या बाटलीतून ज्याचे बुडबुडे वर येतात, तोच हा वायू. त्यात नायट्रोजन मिसळल्याने किरणाची शक्ती पुष्कळ वाढते, हेही त्यांनी दाखवून दिले. १९९६ साली अमेरिकेने त्यांना विज्ञानाचे राष्ट्रीय पदक देऊन गौरवले.

या लेझरचा प्रकाश डोळ्यांस दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे आपणांस दिसणाऱ्या गडद तांबड्या प्रकाशाच्या सुमारे पंधरा पट असते. लाकूड व कागद हा प्रकाश पृष्ठभागावरच शोषून घेतात, म्हणूनच ते इतके स्वच्छ कापले जातात.

यंत्र घरी आणावे काय?

हल्ली टेबलावर मावतील अशी लहान लेझर यंत्रे घरपोच मिळतात. मुलांचा हट्ट आणि जाहिरातीतील चित्रे पाहून ती घेण्याचा मोह होतो. ज्या घरात लहान मुले वावरतात, तेथे चारही बाजूंनी उघडे असे यंत्र आणू नये, असे स्पष्टपणे सांगावेसे वाटते. याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण डोळ्यांचे. या लहान यंत्रांपैकी पुष्कळांत निळ्या प्रकाशाचा लेझर असतो. निळा प्रकाश डोळ्याच्या बुबुळातून आत जातो आणि डोळ्यातील नैसर्गिक भिंग तो सरळ आतल्या पडद्यावर एकवटते. डोळा दिपून पापणी मिटण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत पडद्यास कायमची इजा होऊ शकते. समोरून आलेला किरणच घातक असतो असे नाही. जवळ ठेवलेल्या स्टीलच्या पट्टीवरून किंवा चमच्यावरून उलटलेला किरणही तेवढाच वाईट. यासाठी विशेष चष्मे मिळतात. परंतु ज्या रंगाचा लेझर, त्याच रंगास अडवणारा चष्मा लागतो. साधा काळा चष्मा येथे मुळीच उपयोगी नाही.

दुसरे कारण धुराचे. प्लायवुडचे थर गोंदाने चिकटवलेले असतात आणि ते जळताना नाकाडोळ्यांस झोंबणारे वायू सुटतात. रेक्झिन, फ्लेक्सचे फलक, चिकटपट्टीचे रंगीत व्हायनिल आणि पाण्याच्या नळाचे पीव्हीसी यांची गोष्ट तर याहून गंभीर आहे. यांत क्लोरीन असते. लेझरने ते जाळले असता हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि दमटपणाशी मिळून त्याचे तीव्र आम्ल बनते. ते फुप्फुसांस अपायकारक असते आणि यंत्रही त्याने गंजते. घरातील मूल यंत्राशी खेळता खेळता जुन्या पिशवीचा रेक्झिनचा तुकडा त्याखाली घालणार नाही, याची हमी कोण देईल?

तिसरे कारण आगीचे. लेझरखाली लाकूड चालू असता माणसाने तेथून क्षणभरही हलू नये, हा या धंद्यातील पहिला नियम आहे. स्वयंपाकघरातील दूध उतू जाते म्हणून धावणाऱ्या आईला तो पाळता येणे कठीण.

यावर उपाय सोपा आहे. कापण्याचे काम तालुक्याच्या दुकानात करून घ्यावे. तेथे यंत्राला झाकण असते, धूर बाहेर नेणारा पंखा असतो आणि यंत्र चालवणारा माणूस समोर उभा असतो. पुष्कळ ठिकाणी यंत्र जितकी मिनिटे चालेल त्यानुसार पैसे घेतात. तेव्हा आराखडा घरूनच नीट करून नेल्यास खर्चही कमी येतो. आईबापांनी मुलांस बरोबर न्यावे. आपण घरी कागदावर आखलेली रेघ झाकणाआड लाकडावर उमटताना पाहणे, हा मुलांसाठी मोठा आनंद असतो. वाट पाहण्याची सवयही त्यातून लागते, हा आणखी एक लाभ.

प्रकाश कापतो, पण मोजत नाही

सुताराकडे थोडा वेळ बसलेल्या मुलास एक गोष्ट चटकन कळते. करवतीने फळीचे दोन तुकडे केले की दोन्हींची मिळून लांबी मूळ फळीपेक्षा थोडी कमी भरते. मधले लाकूड भुशाच्या रूपाने खाली पडलेले असते. प्रकाशाच्या करवतीचेही तसेच आहे. तिचा भुसा पडत नाही, धूर होतो एवढाच फरक. पातळ प्लायवुडमध्ये ही कापाची रुंदी बहुधा ०.१ ते ०.३ मिलिमीटर असते.

एवढ्याशा अंतराने काय बिघडणार, असे कोणासही वाटेल. परंतु हिशेब करून पाहावा. समजा, कापाची रुंदी ०.२ मिलिमीटर आहे. रेघेच्या दोन्ही अंगांस ती निम्मी निम्मी जाते. तेव्हा १०० मिलिमीटर लांबीचा तुकडा आखला तर त्याच्या दोन्ही टोकांस ०.१ मिलिमीटर झिजून तो ९९.८ मिलिमीटर निघेल. उलट, ३ मिलिमीटर रुंदीची खाच आखली तर ती ३.२ मिलिमीटर निघेल. याचा अर्थ, तुकडा लहान होतो आणि खाच मोठी होते. दोन्ही चुका एकाच दिशेने जातात व सांधा सैल पडतो. यंत्राने आपली आज्ञा तंतोतंत पाळलेली असते. आज्ञाच अपुरी होती.

त्यात आणखी एक अडचण आहे. दुकानात ३ मिलिमीटर म्हणून मिळणारे प्लायवुड प्रत्यक्षात ३ मिलिमीटरच असेल असे नाही. एखादे २.७ भरते, एखादे ३.२. कोकण व गोव्यासारख्या दमट हवेत पावसाळ्यात ते थोडे फुगतेही. म्हणून दुसऱ्याचा आराखडा, मग तो कितीही सुंदर असो, जसाच्या तसा आपल्या लाकडास लागू पडत नाही.

यावरची युक्ती अशी. जे प्लायवुड वापरावयाचे, त्याच्याच एका उरलेल्या तुकड्यावर सात खाचा कापून घ्याव्या: २.४ मिलिमीटरपासून ३.० मिलिमीटरपर्यंत, दर खाचेत ०.१ मिलिमीटरची वाढ. प्रत्येक खाचेखाली तिचा आकडा कोरून घ्यावा. ही आपली चाचणीपट्टी. मग त्याच प्लायवुडचा दुसरा तुकडा मुलाच्या हाती द्यावा व त्याला एकेका खाचेत बसवून पाहण्यास सांगावे. अंगठ्याच्या दाबाने जो आत जाईल आणि पट्टी उलटी धरली तरी जो गळून पडणार नाही, त्या खाचेचा आकडा आपला. समजा, तो २.६ निघाला. मग आराखड्यातील प्रत्येक खाच २.६ मिलिमीटरचीच आखावी. यासाठी महागडे उपकरण नको आणि कठीण गणितही नको. दहा वर्षांचे मूल हा निर्णय स्वतः घेऊ शकते. तो त्यालाच घेऊ द्यावा.

बारा टोकांचा तारा

आरंभासाठी एक तारा सुचवतो. नाताळात तो दारात किंवा गव्हाणीवर टांगता येईल. त्यास गोंदाचा थेंबही लागत नाही.

कागदावर कंपासने ८ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. कंपास न मिटवता, त्याच अंतराने वर्तुळाच्या कडेवर एकापुढे एक खुणा करत जावे. बरोबर सहा खुणा होतात आणि सहावीनंतर आपण पहिल्या खुणेवर परत येतो. त्रिज्या वर्तुळावर सहाच वेळा का मावते, हा प्रश्न मुलाने विचारला तर आनंदच मानावा. आता एक सोडून एक अशा खुणा रेघेने जोडल्या की एक त्रिकोण होतो. उरलेल्या तीन खुणा जोडल्या की दुसरा. दोन्ही मिळून सहा टोकांचा तारा तयार होतो. आतल्या रेघा पुसून केवळ बाहेरची कड ठेवावी.

मग कागद असा फिरवावा की ताऱ्याचे एकही टोक सरळ वर येऊ नये. वर व खाली दोन टोकांमधला खोलगट भाग, म्हणजे बेचका, यावा. वरच्या बेचक्यापासून वर्तुळाच्या मध्यापर्यंत एक सरळ खाच आखावी. ८ सेंटिमीटर त्रिज्येत तिची लांबी सुमारे ४.६ सेंटिमीटर भरते. मुलाने पट्टीने मोजून खात्री करून घ्यावी. खाचेच्या शेजारी चाचणीपट्टीवरून ठरलेली रुंदी आकड्यात लिहावी, कारण २.६ मिलिमीटर हे माप पेन्सिलीने नेमके काढता येत नाही. यंत्राच्या संगणकावर ते आकड्यानेच भरावे लागते. शेवटी, खाचेच्या दोन्ही अंगांस असलेल्या दोन टोकांत दोऱ्यासाठी एकेक बारीक भोक दाखवावे. घरी संगणक असल्यास इंकस्केप नावाच्या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये हीच आकृती काढून नेता येते. नसल्यास कागदावरचा आराखडा दुकानदारास पुरेसा होतो.

परंतु दुकानात जाण्यापूर्वी एक पायरी चुकवू नये. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून आधी असे दोन तारे कात्रीने कापून पाहावेत. पुठ्ठ्यासाठी खाच पुठ्ठ्याच्या जाडीएवढी ठेवावी. एक तारा खाच वर करून धरावा, दुसरा खाच खाली करून वरून त्यात उतरवावा. दोन्ही खाचा मध्यावर येऊन भिडतात आणि तारे एकमेकांस काटकोनात उभे राहतात. दोन्ही तुकडे एकाच आराखड्याचे असूनही केवळ एक उलटा केल्याने हे साधते, हे पाहून मुलांस मोठे नवल वाटते. पुठ्ठ्यात जुळले तरच लाकडात कापून घ्यावे. ज्यांना दुकान दूर पडते, त्यांनी पुठ्ठ्याचाच तारा रंगवून टांगावा. त्यात कमीपणा काही नाही.

लाकडी तुकडे घरी आल्यावर खरे काम सुरू होते. कापलेल्या कडा तपकिरी व काजळलेल्या असतात. त्या किंचित ओल्या फडक्याने पुसाव्या आणि कोरड्या झाल्यावर बारीक काचकागदाने हलक्या हाताने घासाव्या. खाचेच्या आतील कड मात्र घासू नये. घासली तर एवढ्या कष्टाने ठरवलेले माप बिघडून सांधा सैल होईल. रंग द्यावयाचा असल्यास जुळवण्यापूर्वीच द्यावा आणि मधल्या रेषेवर, जेथे दोन्ही तारे एकमेकांस टेकतात, तेथे रंग लावू नये. रंगाचा थरही जाडी वाढवतो. रंग वाळल्यावर तारे एकमेकांत उतरवावे. ज्या ताऱ्याची खाच वर आहे, त्याच्या वरच्या दोन भोकांतून दोरा ओवून तो टांगावा. दुसरा तारा आपल्या वजनाने खाली बसलेलाच राहतो. त्याच्या खालच्या दोन भोकांत मुलींना हवे तर मणी किंवा लहान घंटा बांधता येतील.

नावाची पाटी आणि शिरोरेघ

तारा साधल्यावर मुले आपापले नाव कापून मागतात. येथे आपल्या लिपीचा एक गुण ध्यानात येतो. रोमन लिपीतील नाव कापले तर प्रत्येक अक्षर सुटे होऊन पडते व पाटीवर एकेक चिकटवावे लागते. देवनागरीत शिरोरेघ सर्व अक्षरांस एका दांडीवर धरून ठेवते. 'मरिया' किंवा 'योसेफ' हे नाव एकाच तुकड्यात कापून निघते.

मात्र लिपीचे हे साहाय्य सर्वत्र मिळत नाही. ध आणि भ या अक्षरांच्या डाव्या बाजूस शिरोरेघ तुटलेली असते. म्हणून 'सुधीर' हे नाव कापले तर 'सु' वेगळा व 'धीर' वेगळा, असे दोन तुकडे हाती येतात. 'आनंद' मधील अनुस्वाराचा ठिपका कोठेच चिकटलेला नसतो. तो यंत्राच्या जाळीतून खाली पडतो व सापडतही नाही. 'थॉमस' मधील अर्धचंद्राचीही पुष्कळदा तीच गत होते. अशा ठिकाणी आराखड्यातच एक बारीक जोडपट्टी काढावी, म्हणजे ठिपका शिरोरेघेस धरून राहील. आपल्या नावातील कोणता भाग सुटेल हे मुलांनी आधी पेन्सिलीने शोधावे. शुद्धलेखनाच्या वहीत जे लक्ष लागत नाही, ते येथे आपोआप लागते.

अक्षरे न कापता फळीत अक्षरांच्या आकाराची भोके पाडावयाची असतील तर अडचण उलटी होते. प आणि म यांच्या पोटातील बंद भाग आधाराविना राहून गळून पडतो. तेथेही पोटातील तुकड्यास बाहेरच्या फळीशी जोडणारी पट्टी ठेवावी लागते. भिंतीवर नावे रंगवण्यासाठी पत्र्याचे जे साचे रंगारी वापरतात, त्यांत अक्षरे मधूनमधून तुटलेली का असतात, याचे कोडे येथे उलगडते.

घरातील कामाची वाटणी

सर्व वयांच्या मुलांस या उद्योगात स्थान आहे. पाचसहा वर्षांची मुले तुकडे मोजून लावू शकतात व फडक्याने काजळी पुसू शकतात. आठदहा वर्षांच्या मुलांस काचकागद, रंग आणि चाचणीपट्टीची पारख सोपवावी. बारा वर्षांपुढील मुलांनी आराखडा काढावा आणि दुकानदाराशी स्वतः बोलावे. आईबापांचे काम मुख्यतः थांबण्याचे असते. सांधा बसत नाही असे दिसताच मुलाच्या हातातून तुकडा काढून घेण्याची ऊर्मी आवरावी. न बसणारा तुकडा हाच येथे शिक्षक आहे. आजोबांस सुतारकाम येत असेल तर त्यांस जवळ बसवावे. त्यांची करवत आणि नातवाचा लेझर यांचा हिशेब एकच आहे, हे दोघांसही ऐकावयास आवडेल.

हाताने काही करता करता बुद्धी वाढते, हा विचार आपल्याकडे नवा नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला, तो याच श्रद्धेने. शाळेत मागे पडलेली खेड्यातील मुले लोखंड, लाकूड, शेती व वीज यांची प्रत्यक्ष कामे करून शिकू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने संगणकाने चालणाऱ्या हत्यारांच्या ज्या कार्यशाळा जगभर उभारण्यास आरंभ केला, त्यांतील अगदी पहिल्यांपैकी एक २००२ साली याच पाबळमध्ये निघाली. अशा यंत्रांसाठी आधी एखादे मोठे शहर निवडले गेले असते तर कोणास आश्चर्य वाटले नसते. पण ज्या खेड्यातील मुलांना हाताने काम करण्याची सवय होती, त्या खेड्यात ती पोहोचली.

आपल्या गावांतही ती सवय आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे व खेळणी पिढ्यानपिढ्या रंगवली जात आली आहेत. गोव्यातील जुन्या घरांच्या छपराखाली बारीक करवतीने कोरलेल्या लाकडी झालरी अजून दिसतात. त्या करणाऱ्यांकडे लेझर नव्हता, पण माप होते. उद्या आपली मुले कारखान्यात जावोत, शेती करोत किंवा दूरदेशी नोकरीस जावोत, मिलिमीटरच्या दहाव्या भागाकडे लक्ष देण्याची सवय त्यांच्या कामी येईल. ही सवय व्याख्यानाने लागत नाही. एखादा तुकडा खाचेत नीट बसला म्हणजे लागते.

तेव्हा या डिसेंबरात एखाद्या रविवारी दुपारी कंपासपेटी आणि जुने खोके घेऊन मुलांबरोबर बसावे. तारा टांगून झाला की चाचणीपट्टी फेकून देऊ नये. मागे तारीख लिहून ती कपाटात ठेवावी. पुढील वर्षी नवे प्लायवुड घरात येईल तेव्हा तिच्यावरील आकडा कदाचित लागू पडणार नाही. पण तोपर्यंत हे मुलांना सांगावे लागू नये. त्यांनीच म्हणावे, "थांबा, आधी पट्टी कापून पाहू या."